चौथा मुद्दा

१२ जुलै, शनिवार

अकोल्याची एकदिवसीय कार्यशाळा आटोपून आलो. विषय: कार्यालयीन कामकाजात एआय. सर्टिफिकेट मिळालं. आमच्या कॉलेजच्या ऑफिसातून मी एकटाच गेलो होतो. म्हणजे निदान अमरावतीच्या राजापेठ भागात तरी या विषयातला माणूस आता मीच. बाकीच्या क्लार्क लोकांना शनिवारची सुट्टी प्यारी. मागे राहतील.

मूर्तिजापूरपर्यंत उभ्यानं प्रवास. तरी डोकं चालू होतं. संकल्प: घरात एआय आणायचं, पण शिस्तीत. फक्त मोठ्यांसाठी. मुलगी आकांक्षा दहावीला आहे, तिला पूर्ण बंदी. या वयात पोरं आयत्या उत्तरांवर जगायला लागतात.

१३ जुलै, रविवार

जेवताना नियम वाचून दाखवले. (नियम एआयनं लिहून दिले. छान जमलेत.) घरातलं काहीही महत्त्वाचं असलं तर ते 'आपलं घर' ग्रुपवर टाकायचं. बायको भावना, आकांक्षा, गावाकडून बाबा, सगळ्यांनी. मी ते एआयला देणार, एआय मला त्याचे तीन मुद्दे देणार. तीनच. कार्यशाळेतले सर म्हणाले, माणसाच्या डोक्यात तीनच्या वर काही राहत नाही.

भावनानं विचारलं, भाजी कोणती आणायची तेही ग्रुपवरच टाकायचं का. हो म्हटलं. ती म्हणाली वांगे आणा, आणि ताट उचलून आत गेली. आकांक्षानं विचारलं, केमिस्ट्रीचं अडलं तर एआयला विचारू का. नाही म्हटलं. मग तुमाले विचारू का, म्हणाली. विषय बदलला.

१६ जुलै, बुधवार

ऑफिसात असताना बाबांचा फोन. कामाचं बोलले.

गावच्या पोळ्यात पहिली झडती चाळीस वर्षं बाबांची. तोरणाखाली बैल उभे राहिले की बाबा चार ओळी म्हणणार, त्यात पावसापासून सरपंचापर्यंत ज्याची त्याची उतरवणार, गाव हर हर महादेव करणार, मगच तोरण तुटणार. पंजाबरावची झडती म्हणजे झडती, असं गाव म्हणतं. पण औंदा नवीन कवळी बसवली आहे आणि जोरात बोललं की ती बाहेर येते. म्हणून म्हणाले, बंडू, तुले जमते का? नाहीतर खुशालले सांगतो.

खुशालराव म्हणजे माझा चुलतभाऊ. मान त्याच्या घरी गेला तर परत येणार नाही. जमते म्हटलं. बाबा म्हणाले, मंग चार रोज ये गावात, बसू सोबत, बैलं पाय, लोकायचं ऐक, झडती अशी हवेतून नाई येत. मी म्हटलं, तुम्ही निश्चिंत राहा.

मनात म्हटलं, हवेतूनच तर येते आता.

२० जुलै, रविवार

ग्रुपवर बाबांचा सात मिनिटांचा ऑडिओ. सात मिनिटं! पहिले दहा सेकंद ऐकले. आवाज बसल्यासारखा वाटला. कवळीमुळे असेल. एआयला दिला. मुद्दे आले: १. पाऊस बरा आहे. २. शेजारच्या बांधावरून पाणी येतं. ३. आईच्या गुडघ्याला आराम आहे. खाली 'आणखी एक मुद्दा पाहा' असं येत होतं. नियम म्हणजे नियम.

उत्तरही त्याच्याकडूनच लिहून घेतलं आणि पाठवलं: 'सविस्तर माहितीबद्दल मनःपूर्वक धन्यवाद. आपण असेच कळवत राहावे.' माझ्यानं एवढं अदबीनं कधी लिहून झालं नसतं.

२५ जुलै, शुक्रवार

पाच दिवसांत बाबांचा एकही ऑडिओ नाही. सिस्टीमचा परिणाम दिसू लागला. लोक आपोआप मोजकं बोलायला लागतात.

आकांक्षा मात्र आठवडाभर नीट जेवत नाही. डोळे लाल. भावना काहीतरी सांगायला आली तेव्हा मी पगारपत्रकात होतो. ग्रुपवर टाक म्हटलं. टाकलं नाही. म्हणजे महत्त्वाचं नसणार.

एआयला विचारलं: पंधरा वर्षांची मुलगी जेवत नाही, काय करावं? दहा उपाय आले. 'मोबाईलचा वापर मर्यादित करा' हा लगेच अमलात आणता येण्यासारखा होता, आणला. 'तिच्याशी शांतपणे बोला' हेही होतं, पण ते सगळ्यांत आधी होतं, म्हणजे प्रस्तावनाच.

३० जुलै, बुधवार

आकांक्षाच्या दप्तरात निबंध सापडला. शीर्षक 'सर्जाची जागा'. सर्जा-राजा ही आमची गावची जोडी, म्हणजे पोळ्यावर असणार. भाषा संशयास्पद चांगली. फोटो काढून एआय पकडणाऱ्या वेबसाइटवर टाकला. निकाल: ८४ टक्के मशीननं लिहिलेला.

रागावलो. ती म्हणाली, पप्पा, तुमी वाचला का? म्हटलं, मला वाचायची गरज नाही, तपासला आहे. तिनं निबंध घडी करून दप्तरात ठेवला. गुन्हा कबूल.

(त्याच वेबसाइटवर माझं कालचं परिपत्रक सहज टाकून पाहिलं. ते पूर्ण एआयनं लिहिलेलं. निकाल: ९७ टक्के मानवी. याचा अर्थ मी सूचना फार बारकाईनं देतो.)

५ ऑगस्ट, मंगळवार

झडती तयार. वेळ लागला अकरा सेकंद. बाबा आठ दिवस आधीपासून गुणगुणत फिरायचे.

हे वृषभराजा, तू कृषिसंस्कृतीचा कणा,
तुझ्या श्रमातुनी फुलतो समृद्धीचा दाणा,
सर्जा-राजा ही जोडी ऐक्याचे प्रतीक महान,
चला करूया सारे शाश्वत विकासाचा सन्मान!

वजनदार आहे. फक्त कोणाची उतरवलेली नाही. एआयला म्हटलं, सरपंचाला आणि खुशालरावला एकेक टोमणा मार. ते म्हणालं, कोणाच्या भावना दुखावतील असं लिहिण्यापेक्षा आपण त्यांच्या योगदानाचा गौरव करू. केला.

१० ऑगस्ट, रविवार

झडती वऱ्हाडीत करून घेतली. आता 'आरं माज्या सर्जा-राजा रं, लई गुणाची तुमची जोडी' अशी सुरुवात आहे. आपल्याकडे 'लई' कोणी म्हणत नाही, 'रं' तर नाहीच. पण शेवटी गावचीच भाषा. गाव समजून घेईल.

भावनाला वाचून दाखवली. ती दोनदा काहीतरी बोलायला गेली आणि थांबली. मग म्हणाली, एकदा मामंजींले फोन तं करा. म्हटलं, सरप्राइज आहे. पोळ्याच्या दिवशीच ऐकतील.

१४ ऑगस्ट, गुरुवार

आकांक्षाला रंगेहाथ पकडलं. भावनाच्या मोबाईलवर एआय! तो हिसकावून वाचलं. तिनं लिहिलं होतं: उत्तर सांगू नको. मला एकेक प्रश्न विचार, चुकलं तर कुठे चुकलं ते दाखव. खाली केमिस्ट्रीचे चाळीस प्रश्न, त्यातले तेहतीस बरोबर.

तिला समजावून सांगितलं की हा या तंत्रज्ञानाचा योग्य वापर नाही. सगळं आपणच सोडवायचं तर मशीन कशाला? मग आठवलं, तिला वापरायलाच बंदी आहे. दोन्ही मुद्द्यांवर रागावलो.

२१ ऑगस्ट, गुरुवार. सायंकाळ

भावना आणि आकांक्षा कालच गावी गेल्या. मला ऑफिस. उद्या थेट तोरणापाशी पोचणार.

आकांक्षाचा फोन आला होता. आज खांदशेक. आबांनी (म्हणजे आमच्या बाबांनी) राजाच्या खांद्याला लोणी-हळद चोळली, कानात म्हणाले, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या, आणि रडले, म्हणाली. म्हटलं, म्हातारपणी माणूस हळवा होतो. ती म्हणाली, पप्पा, तुमची झडती आज आबाले वाचून दाखवा ना फोनवर, एकदाच. आग्रह फार. मुलगी माझ्याकडून प्रेरणा घेऊ लागली, असं दिसतं. तरी नाही म्हटलं.

झडती बारा वेळा म्हणून झाली. आरशात हावभाव चांगले येताहेत.

२२ ऑगस्ट, शुक्रवार. पोळा

नांदगाव खंडेश्वरपर्यंत एस.टी., पुढे ऑटो. चार वाजता तोरणाखाली. चार आंब्याच्या पानांच्या मागे अख्खं गाव उभं. बाबा दिसले नाहीत, गर्दी होती. नाव पुकारलं. माईक घेतला.

पहिल्या ओळीला खुशालरावनं शेजारच्याला विचारलं, हा पावना कोन्या गावचा रे? दुर्लक्ष केलं. 'लई गुणाची तुमची जोडी' इथे शांतता पसरली. 'सर्जा हा तुमच्या अंगणीचा अखंड आधार' इथे जास्त पसरली. बायकांनी पदर तोंडाला लावले. मला वाटलं, भारावले. टाळ्या आल्या नाहीत. झडतीला टाळ्या नसतातच, त्यामुळे तो निकष नाही. पण हर हर महादेवही आलं नाही. माझ्या एकट्याचंच आलं, माईकमधून.

मग गर्दी बाजूला झाली आणि बाबा दिसले. हातात राजाचा कासरा. राजा रंगवलेला, शिंगांना बेगड, गळ्यात घुंगरं. शेजारी कोणी नाही. सर्जाची झूल घडी करून बाबांच्या खांद्यावर.

बाबांनी तोंडातली कवळी काढली, आकांक्षाच्या हातावर ठेवली आणि माईक न घेता म्हणाले:

राजा माहा एकटा, दावनीले उभा,
पोरगं माहं शयरात, मोबाईलची सभा,
सर्जा गेला आषाढात, त्याले नाई पत्ता,
मशीनले इचारते, बाप कसा आता?
एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव!

दात नव्हते तरी शब्द न् शब्द कळला. गावानं असा हर हर महादेव केला की राजा बुजला. तोरण तुटलं.

२३ ऑगस्ट, शनिवार

गावीच आहे.

सर्जा १९ जुलैला गेला. पोट फुगलं, डॉक्टर येईपर्यंत संपलं. चौदा वर्षांचा होता. बाबांनी बांधावर पुरला आणि दुसऱ्या दिवशी सात मिनिटं ते सगळं सांगितलं. पाऊस, बांधावरचं पाणी आणि आईचा गुडघा आधीच्या दोन मिनिटांत आहे. बाकीची पाच मिनिटं सर्जा आहे. आज पूर्ण ऐकलं. गोठ्यात बसून. शेवटी बाबा म्हणतात, बंडू, तुले सांगावं म्हटलं, तूनंच नाव ठेवलं होतं त्याचं.

या ऑडिओला मी मनःपूर्वक धन्यवाद दिले. असेच कळवत राहा, असंही म्हटलं.

भावनाला विचारलं, तुला माहीत होतं? ती म्हणाली, साऱ्यायले माहीत होतं. मी सांगाले आली तं तुमी म्हणाले ग्रुपवर टाक. सासऱ्याचा बैल मेला हे मी ग्रुपवर टाकू का? झडतीच्या वेळी का नाही बोललीस? म्हणाली, मले वाटलं आता तं फोन करसान.

निबंध वाचला. 'सर्जाची जागा' म्हणजे गोठ्यातली रिकामी जागा. आबा अजून तिथे वैरण टाकतात, असं तिनं लिहिलंय. ती रोज संध्याकाळी त्यांना फोन करते. भाषा त्यांच्याकडून आलेली आहे. ८४ टक्के बाबा असावेत.

मला फार वाईट वाटलं. ते बाबांना सांगायला गेलो तर ते जेवत होते. जेव, म्हणाले.

खुशालराव भेटायला आला. म्हणाला, पुढच्या सालीबी मान तुमच्याच घरी ठेवू, पण झडती पोरगी म्हनन. आकांक्षा लाजली, पण नाही म्हणाली नाही. एकूण काय, मान घरातच राहिला. हे माझं यश मानता येईल. (आज मन मानत नाही.)

३१ ऑगस्ट, रविवार. अमरावती

आठ दिवस डोक्यात काही धड येत नाही. शेवटी या वहीच्या पानांचे फोटो काढून एआयला दिले. म्हटलं, माझं नेमकं काय चुकलं ते तीन मुद्द्यांत सांग.

१. आपण नवीन तंत्रज्ञान उत्साहाने स्वीकारता. २. कुटुंबाच्या शिस्तीबद्दल आपण जागरूक आहात. ३. पोळ्याच्या दिवशी काही माहिती वेळेत न मिळाल्यामुळे अडचण झाली.

समाधान झालं. वही मिटणार होतो. खाली 'आणखी एक मुद्दा पाहा' होतं. बराच वेळ त्याच्याकडे पाहत बसलो. मग दाबलं.

४. या सात आठवड्यांच्या नोंदींत आपण स्वतःहून वडिलांना फोन केल्याची एकही नोंद नाही.

सगळी पानं पुन्हा उलटून पाहिली. नाही.

फोन लावला. काय बोलायचं ते एआयला विचारलं नाही. तिसऱ्या रिंगला बाबांनी उचलला. मी म्हटलं, बाबा, मी बोलतो. ते म्हणाले, कोन मी? म्हटलं, बंडू. मग घाबरून म्हणाले, काहून रे, काय झालं?

काही झालं नाही म्हटलं, सहजच केला.

बरं, म्हणाले. पोरीची फोनची वेळ झाली, तिले दे.

दिला.