पोती पाहिली, एवढंच

प्रिय बारके,

तुझ्या मुलाने काल पुन्हा तेच सांगितलं, "मावशी, आई झोपली आहे." भर दुपारी? दुपारी झोपणाऱ्यांना आयुष्यभर नावं ठेवलीस तू. तो बिचारा खोटं बोलताना अडखळतो, तेवढं बरं आहे. त्याला या कामाला जुंपू नकोस. फोन तू घेत नाहीस, मेसेज न वाचता पुसतेस, म्हणून कागद घेतला. पाकीट मात्र तू उघडशील. दुसऱ्याच्या नावाचं पाकीटसुद्धा तुला उघडल्यावाचून राहवत नाही, हे तर तुझ्याच नावाचं आहे.

आधी घरची खबर देते. किल्ली माझ्याकडेच आहे, दर दोन-तीन दिवसांनी जाऊन येते. कुंड्यांतली दोन रोपं गेली, बाकीची तग धरून आहेत. दूधवाल्याला बंद सांगितलं. गॅसच्या सिलिंडरचा खटका तू चालूच ठेवून गेली होतीस, तो मी बंद केला. किती घाईत निघालीस ते तेवढ्यावरून कळलं. गॅलरीतली तुझी वेताची खुर्ची आत घेतली आहे. तिच्यावर बसून पाहिलं मी. तिथून ग्रंथालयाचं मागचं दार अगदी समोर दिसतं, पायरीवरचा तुटका कोपरासुद्धा. त्या दाराला आता सील आहे. पुढच्या दाराच्या काचा अजून कोणी बसवलेल्या नाहीत, पुठ्ठे ठोकले आहेत. वाचायला येणारे म्हातारे सकाळी येतात, पुठ्ठ्यांकडे बघतात आणि बस स्टॉपच्या बाकावर जाऊन बसतात. त्यांना दुसरं कुठे जायचं असतं?

तुझ्या खुर्चीत बसल्यावर आई आठवली. आजारपणाचं ते शेवटचं वर्ष. तिला उठवत नव्हतं आणि तू खिडकीच्या कट्ट्यावर चढून तिला रस्ता सांगायचीस. टपालवाला आला, सायकल पडली, समोरच्यांकडे पाहुणे आले. आणि रस्ता रिकामा असला की तू सरळ रचायचीस. एक माणूस दोन छत्र्या उघडून चालला आहे, एक उजव्या हातात, एक डाव्या. आई हसायची. मी अभ्यासातून मान वर करून म्हणायचे, खरं सांग. तर आईच मला दटावायची, "तू गप गं, फौजदारीण. सांगू दे तिला." आईला कळत होतं काय खरं आणि काय रचलेलं. फरक एवढाच होता. तिथे ऐकणारं माणूस एक होतं आणि ते तुला ओळखत होतं.

नोकरीतही मी फौजदारीणच राहिले. वजनमाप खात्यात दुकानाची तपासणी केली की अहवालात दोन रकाने भरावे लागत. स्वतः काय पाहिलं ते एकात, कोणाच्या सांगण्यावरून काय कळलं ते दुसऱ्यात. निवृत्तीनंतर वॉर्डाचा ऑनलाइन ग्रुप माझ्या गळ्यात पडला, तेव्हा तोच नियम मी तिथे लावला. बातमी टाकायची तर खाली 'पाहिलं' किंवा 'ऐकलं' लिहायचं. दोन्हीपैकी काहीच नसेल तर मी पोस्ट काढून टाकायची. लोकांनी आधी नाकं मुरडली, मग त्यांना अभिमान वाटू लागला. बाकीच्या वॉर्डांत वाट्टेल ते फिरतं, आमच्याकडे नाही, असं सांगत फिरायचे. टोपणनावं घ्यायला मी परवानगी दिली, कारण खऱ्या नावाने नगरपालिकेबद्दल बोलायची छाती कोणाची नव्हती. खरं नाव फक्त मला माहीत आणि ते मी कोणाला सांगणार नाही, असा शब्द दिला. मी 'तराजू' आणि तू 'गॅलरी'.

तू चांगलं काम केलंस, हे मी नाकारत नाही. पाण्याचा टँकर कधी आला, रस्ता कुठे खणला, कोणाचा कुत्रा मोकाट सुटला, सगळं आधी तुझ्याकडून कळायचं आणि कधी चुकायचं नाही. 'गॅलरीचं काय म्हणणं आहे?' असं लोक विचारू लागले. तुझे 'हे' गेल्यानंतर पहिल्यांदा तुझा आवाज मला टवटवीत वाटला तो तेव्हा. एकदा तू म्हणालीस, "ताई, सकाळी उठावंसं वाटतं गं आता." मला बरं वाटलं होतं. अजूनही ते वाक्य आठवलं की बरंच वाटतं, म्हणून तर हे पत्र लिहिणं जड जातं आहे.

मग वॉर्डाची निवडणूक आली. तुझा उमेदवार, तो दातांचा डॉक्टर, थोडक्या मतांनी पडला. तू किती दारं त्याच्यासाठी वाजवलीस ते मी पाहिलं आहे. मला त्याचं गुळगुळीत बोलणं कधी आवडलं नाही, पण मत ज्याचं त्याचं. मतदान ग्रंथालयाच्या हॉलमध्ये झालं, यंदा यंत्रं नव्हती, कागदी मतपत्रिका होत्या, आणि मोजणीही तिथेच. दुसऱ्या दिवशी दुपारी ग्रुपवर तुझा फोटो आला. मागच्या दाराशी टेम्पो, त्यात भरलेली पोती, शेजारी पाठमोरे ग्रंथपाल. खाली ओळ, 'मोजणीच्या दुसऱ्याच दिवशी ग्रंथालयाच्या मागच्या दाराने कागदांची पोती चालली आहेत. पाहिलं.'

त्या ओळीत एक अक्षर खोटं नव्हतं. मी ती तीनदा वाचली आणि राहू दिली. नियमात बसत होती. 'मतपत्रिका' हा शब्द कोणी दुसऱ्यानेच लिहिला, तुझ्या फोटोखाली, कसलीच खूण न करता. तो मी काढला, तोवर दहा जणांनी उचलला होता. एकाने तुला सरळ विचारलं, गॅलरी, मतपत्रिकाच ना त्या? आणि तू लिहिलंस, 'समजायचं ते समजा.'

एवढं पुरलं. संध्याकाळच्या आत डॉक्टरच्या पानावर तुझा फोटो होता आणि वर मथळा, आमच्याकडे प्रत्यक्ष पाहणारा साक्षीदार आहे. आपल्या वॉर्डाची 'पाहिलं' ही खूण इतरांनाही ठाऊक झाली होती ना, मग शंका कोण घेणार? आपण शिस्तीचे, म्हणून आपली अफवा सगळ्यांत पक्की. अंधार पडायच्या आत गर्दी ग्रंथालयात शिरली. काचा फुटल्या. ग्रंथपाल दोन्ही हात पसरून संदर्भग्रंथांच्या कपाटापुढे उभे राहिले. मतपेट्या त्या कपाटात आहेत असं कोणी तरी ओरडलं आणि कपाट त्यांच्यासकट आडवं केलं. खुब्याचं हाड मोडलं. हे सगळं तू तुझ्या खुर्चीतून पाहिलंस की पडदा ओढून घेतलास, ते मी तुला विचारलेलं नाही. आजही विचारत नाही.

पुढचं तुला मुलाच्या फोनवरून कळलं असेल, तरी सांगते. निवडणूक अधिकाऱ्याने सर्वांसमक्ष पेट्या उघडून पुन्हा मोजणी केली. एक मत कमी नाही, एक जास्त नाही. मी तो खुलासा ग्रुपवर टाकला, खाली 'पाहिलं' लिहिलं, कारण मी तिथे उभी होते. त्यावर पहिलं उत्तर आलं, 'तराजू कुणीकडे झुकला ते कळलं हो मावशी.' दुसरं, 'या वयात तरी खरं बोला.' डॉक्टरला गाठून विचारलं तर हात झटकून म्हणतो कसा, "मी आरोप कुठे केला बाई? मी फक्त प्रश्न विचारला. प्रश्न विचारणं गुन्हा आहे का?" आता प्रश्न बदलला आहे. मतं भरली असतील, पण मग पोत्यांत काय गेलं? ग्रंथालयाची रद्दी कागदगिरणीत जाऊन लगदा झाली, ती काय बोलणार? नगरपालिकेने ग्रंथपालांना निलंबित करून चौकशी समिती नेमली आहे. ती म्हणते, प्रत्यक्ष पाहणाऱ्याचा जबाब आल्याशिवाय ग्रंथपालांचं निलंबन उठवता येत नाही. आणि पाहणारा कोण ते माझ्याशिवाय कोणालाच माहीत नाही.

रुग्णालयात मी ग्रंथपालांना दोनदा भेटले. खाटेजवळ कोणी नसतं. एकटा जीव, तुला माहीतच आहे. पाय वजन लावून ताणून ठेवला आहे, उशीशेजारी एकच पुस्तक, तेही उपडं. मला बघून उठायला गेले, मी ओरडले. मग जरा हसले. आणि पहिला प्रश्न काय विचारावा? "तुमच्या बहीणबाई बऱ्या आहेत ना? त्या दिवशी गर्दी त्यांच्या जिन्यात तर नाही ना शिरली? एकट्या असतात त्या, म्हणून विचारलं." बारके, हा माणूस तुझ्या 'ह्यां'ची नजर गेल्यावर रोज ग्रंथालय बंद करून वर यायचा आणि त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायचा. क्रीडावृत्तासकट. तू त्याला चहा द्यायचीस आणि मागून मला सांगायचीस, देवमाणूस आहे गं. मी म्हटलं, बरी आहे ती, मुलाकडे गेली आहे. ते म्हणाले, "बरं झालं." मी पिशवीतली फळं टेबलावर ठेवली आणि बाहेर येऊन जिन्यात उभी राहिले.

इतके दिवस मी स्वतःला समजावत होते की तुझी चूक झाली. पोती दिसली, मोजणी डोक्यात होती, डोळ्यांना वाटेल ते दिसलं. चूक माणसाकडून होते. मग परवा तो फोटो मी मोठा करून पाहिला. पोत्यांच्या मागे, टेम्पोच्या कडेला, एक गठ्ठा आहे. जुन्या मासिकांचा, निळ्या फुलांच्या कापडी पट्टीने बांधलेला, वर तुझी ती दुहेरी गाठ. ती पट्टी मी ओळखते. माझ्या बैठकीच्या खोलीतले पडदे तुला दिले, ते तुझ्या खिडकीला लांब झाले आणि तू खालून फाडून पट्ट्या केल्यास. टेम्पो रद्दीवाल्याचा होता. वर्षातून एकदा तो ग्रंथालयाची जुनी वर्तमानपत्रं न्यायला येतो आणि तू दरवेळी तुझीही रद्दी त्यालाच देतेस. त्या दिवशीही दिलीस. खाली उतरून दिलीस, वर आलीस आणि मग फोटो काढलास. तुला माहीत होतं.

का, ते मी बसल्या जागी समजू शकते. डॉक्टर हरला होता, तुझं मन खट्टू होतं, आणि ग्रुपवर कोणी तरी विचारत होतं, गॅलरी आज गप्प का? रस्ता रिकामा होता, म्हणून तू दोन छत्र्यांचा माणूस दाखवलास. समजू शकते, पण पाठीशी घालू शकत नाही.

आता हे पत्र का, ते सांगते. येत्या सोमवारी सकाळी समितीपुढे माझा जबाब आहे. ग्रुप चालवणारी म्हणून बोलावलं आहे आणि 'गॅलरी' कोण, हा पहिलाच प्रश्न असेल. शब्द मोडणारी मी नाही, हे तुझ्याइतकं कोणाला माहीत नाही. हा मोडणार आहे. मी तुझं नाव सांगणार आहे. ते तुला तिथल्या बातमीतून कळू नये, माझ्याकडून कळावं, म्हणून लिहिलं. तुझ्या खिडकीखाली खिळ्याला उरलेली निळी पट्टी लटकत होती. ती मी काढून घेतली आहे आणि सोमवारी ती माझ्या पर्समध्ये असेल. पण त्याआधी तू ये. रविवारी संध्याकाळच्या गाडीला मी उभी असेन. तू माझ्याकडे राहशील, सकाळी आपण बरोबर जाऊ आणि तू स्वतः उभी राहून एवढंच सांगायचं आहेस, पोती पाहिली, ती रद्दीची होती, हे मला ठाऊक होतं. लोक तुला सोडणार नाहीत. काचा तुझ्याही फुटतील कदाचित. मी तुझ्या शेजारी बसेन, त्या दिवशीही आणि नंतर रुग्णालयातही. गाडीतून तू उतरली नाहीस, तर मी एकटी जाईन, आणि पर्स उघडेन.

तुझीच,
ताई