देवगाव फाट्यावरचा फोन

मंगळवार, दिवेलागणीला

ट्रक देवगाव फाट्यावर आला की ड्रायव्हर दत्तूभाऊ फोन करायचे, "ताई, पोचलोच समजा." लगेच मी दुकानाच्या कॉम्प्युटरवर ‘माल आला’ चढवून टाकायचे. त्याशिवाय पुढचं विक्रीचं बिलच निघत नाही. आजही चढवलं. कसली एवढी घाई होती मला?

दुपारी त्यांच्या बायकोचा फोन. "ताई, ह्यांचा फोन लागंना. पोचले का?" मी स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणाले, "हो वहिनी, पोचले की."

ट्रक फाट्याच्या पुढंच उलटला होता. दत्तूभाऊ जागीच गेले.

मालक म्हणाले, "आधी ती एन्ट्री उडवा." उडवली. एक बटण.

पोचले की, म्हणाले मी. तेवढ्यावर, ते जेवायला येतील म्हणून वहिनींनी भाकरी थापायला घेतल्या होत्या म्हणे.