बाराशे, चौदाशे आणि दादांचा तक्ता

पोर्ट लुई,
१२ जून १९८०

चि. सौ. चंद्रकला हिस देवराजचे अ. उ. आ.

तुझे पत्र पोचले. जयदेवराव अजून तीच आठ वर्षांची टॅक्सी विमानतळावर चालवतात हे वाचून वाईट वाटले. ताकेमारू कंपनीचीच गाडी, हे मान्य. पण तिचे बाराशे सीसीचे इंजिन म्हणजे नुसता लोखंडाचा ठोकळा. माझ्या नव्या ताकेमारूचे चौदाशेचे इंजिन ॲल्युमिनियमचे, वजनाला हलके, आणि माहितीपत्रकात त्याचा रंगीत फोटो आहे. बाराशेचा फोटो कुणी कधी छापला आहे का?

मी एजंटाला शब्द देऊन टाकला आहे. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात तो तुमची टॅक्सी बदल्यात घेईल आणि चौदाशेची गाडी देईल. बाबांच्या माघारी घरातला वडील मीच, तेव्हा विचारत बसलो नाही.

तरी मी सरकारी माणूस, पुराव्याशिवाय काही करत नाही. सोबत एक तक्ता पाठवतो. टॅक्सी रस्त्यात बंद पडली की तारीख, जागा आणि कारण लिहायचे. माझ्या गाडीचा तक्ता मी ठेवतो. तीन महिन्यांनी दोन्ही शेजारी ठेवू, म्हणजे मी बरोबर होतो हे तुम्हालाही पटेल.

मुलांना गोड पापा. लोभ आहेच, तो वाढवावा.

तुझा दादा


प्लेन मान्येन,
३० जून १९८०

ती. दादांस चंद्रकलाचा सा. न. वि. वि.

तक्ता मिळाला. देवघराशेजारच्या भिंतीला लावला आहे. अजून कोराच आहे, त्यामुळे येणाराजाणारा ही कसली तसबीर म्हणून विचारतो.

तुमच्या गाडीची खबर मात्र तुमच्या पत्राआधी येते. शेजारच्या बसंतीची बहीण क्युरपीपला असते. ती सांगत होती की तुमची गाडी बाजारापाशी बॉनेट उघडून उभी होती, वाफ निघत होती आणि तुम्ही छत्रीने लोकांना मागे सारत होता. हे तक्त्यात कसे लिहिलेत ते कळवा, म्हणजे मलाही रीत समजेल.

थट्टा राहू दे. दादा, मला भीती वाटते. आमचे घर त्या एका टॅक्सीवर चालते. ती एक दिवस उभी राहिली तर दुसऱ्या दिवशी काय, हे मला ठाऊक नाही. ह्यांनी तुमच्या शब्दाला नाही म्हटलेले नाही, म्हणणारही नाहीत. फक्त हल्ली रोज संध्याकाळी गाडी पुसायला त्यांना फार वेळ लागतो.

लोभ असू द्यावा, आणि रेडिएटरात पाणीही.

तुमची चंद्रकला


पोर्ट लुई,
४ ऑगस्ट १९८०

चि. सौ. चंद्रकला हिस अनेक आशीर्वाद.

बसंतीच्या बहिणीला म्हणावे, क्युरपीपला गाडी बंद पडली नाही, मी ती पडू दिली. त्या दिवशी तिथे उष्मा फार होता. इंजिन तापले की चालकाने थांबावे हे शहाणपण आहे, बिघाड नव्हे. अशा थांबण्यासाठी मी तक्त्यात ‘प्रवासातील विश्रांती’ असा वेगळा रकाना आखला आहे. चढावरची विश्रांतीही त्यातच. सासऱ्यांना घेऊन जाताना झालेली तर मोजायचीच नाही, कारण त्यांचे वजन जास्त आहे. हे नियम लावल्यावर चौदाशेचा बिघाड आजवर शून्य.

भीती कसली बाळगतेस? यंदा आपला गणपती माझ्याच गाडीतून माएबूर्गच्या समुद्रावर जाईल. सारा गाव बघेल आणि जयदेवरावांची उरलीसुरली शंका फिटेल. चंद्रमोहनच्या भजनी मेळ्यातल्या झाकरीवाल्यांना सांगून ठेव, की गाडी वेगात जाणार आहे, भजन जरा द्रुत लयीत म्हणा.

जयदेवरावांस नमस्कार. भावावर भरवसा असावा, ही विनंती.

तुझा दादा


प्लेन मान्येन,
२१ ऑगस्ट १९८०

ती. दादांस सा. न. वि. वि.

क्युरपीपसारख्या डोंगरावरच्या गावात, आपल्याकडच्या ऐन जूनच्या हिवाळ्यात उष्मा झाला, ही बातमी तिथल्या लोकांना कुणीतरी द्यायला हवी. बिचारे स्वेटर घालून झोपतात.

स्वेटरवरून आठवले. विद्यावती वहिनींनी विणलेला मिळाला, ह्यांना अगदी मापात बसला. वहिनी लिहितात की पाठ आणि दोन्ही बाह्या तुमच्या गाडीत बसूनच झाल्या, आणि गाडी उभी असल्यामुळे एकही टाका सुटला नाही. आता त्या माझ्यासाठी शाल विणायला घेणार आहेत. दादा, शाल मोठी असते हो.

गणपतीचे तेवढे ऐका. बाबांच्या मागे दरवर्षी तो ह्यांच्या टॅक्सीतून गेला आणि दिवस मावळायच्या आत पाण्यात उतरला. तुम्ही पुढे बसा, मूर्ती मांडीवर घ्या, मान तुमचाच. पण यंदाही टॅक्सीतूनच नेऊ या.

धाकटी म्हणून रागावू नये. माया आहे तशीच ठेवावी.

तुमची चंद्रकला


पोर्ट लुई,
२० सप्टेंबर १९८०

चि. सौ. चंद्रकला हिस आशीर्वाद.

विसर्जनाच्या दिवशी न जेवता, न सांगता निघून आलो. तुझ्यासमोर यायची लाज वाटली. उसाच्या मळ्यात वाफेचा तो लोट निघाला आणि गणपती माझ्या गाडीतून उचलून टॅक्सीत ठेवावा लागला, तेव्हा झाकरीवाले एक शब्दही न चुकता गात राहिले. ते हसले असते तरी बरे झाले असते. मी गाडी सोडून येणार नाही म्हणालो आणि तुम्हाला पुढे पाठवले. बाबांनंतर पहिल्यांदा विसर्जनाला मी नव्हतो.

तुम्हा सगळ्यांना किनाऱ्यावर सोडून जयदेवराव मला न्यायला परत आले. आणि गंमत बघ, माझ्यामागे थांबले तर त्यांचीही टॅक्सी सुरू होईना. मग दोघे बांधावर बसलो. त्यांनी इंजिनाचा विषयसुद्धा काढला नाही, बाबांच्या आठवणी सांगत राहिले. खरे सांगतो, त्यांचीही बंद पडली म्हणून मला धीर आला. माझे मन हलके झाले आणि जरा वेळाने ती एका दमात सुरू झाली. दोर बांधून त्यांनी मला पोर्ट लुईच्या घरापर्यंत ओढत आणले.

माझा तक्ता सोबत आहे. सतरा नोंदी आहेत. उष्मा, चढ, सासरे ही कारणे मी खोडली आहेत. सगळ्यांसमोर एकच कारण लिहिले आहे: वडील भावाचा हट्ट. एजंटाला दिलेला शब्द काल जाऊन परत घेतला. टॅक्सी तुमचीच राहील.

फक्त न्यायाने वागायचे तर बाराशेही एकदा बंद पडले. ती एक नोंद तुझ्या तक्त्यात कर आणि पाठव.

राग सोडावा. आणखी काय लिहू?

तुझा दादा


प्लेन मान्येन,
२८ सप्टेंबर १९८०

ती. दादांस चंद्रकलाचा सा. न. वि. वि.

तुमचे पत्र ह्यांना वाचून दाखवले. ते गाडी पुसायला गेले आणि पाच मिनिटांत परत आले. मी मात्र रडले. रागाने नव्हे, एवढे समजून घ्या.

एक जुने बाराशेचे इंजिन ह्यांच्या नजरेत आहे. तुमच्या गाडीत बसते म्हणतात. दिवाळीला या, म्हणजे दोन दिवसांत बसवून देतील. वहिनींना सांगा, शाल घरी बसून पुरी करावी लागेल.

तक्ता पाठवते आहे. तुमच्या सांगण्याप्रमाणे नोंद केली आहे, पण कारण लिहायचे म्हणून आधी ह्यांना विचारले. फार वेळ टाळत होते, शेवटी कबूल झाले. तेव्हा नोंद अशी:

विसर्जनाचा दिवस. उसाचा मळा, दादांच्या गाडीमागे. पावणेपाच ते दिवेलागण. कारण: किल्ली चालकाच्या खिशात होती.

दिवाळीला वाट पाहतो. लोभ कमी पडणार नाही.

तुमची चंद्रकला