वजनावर घेतलेला लॅपटॉप

राजापेठ, अमरावती

चि. सुखदेवले मायचा आशीर्वाद.

तुले एक माय आहे, हे ध्यानात आहे ना? का बाजारात पोते मोजता मोजता तिलेही कोण्या गाडीत चढवून देलं? आम्ही दोघी मजेत आहो. मी बोलून राहिली, तुही पोरगी करिश्मा लिहून राहिली.

यंदा बाजारात माल कमी आहे म्हणतात. तुले काम मिळते ना? सूनबाई जयवंताचा गुडघा कसा आहे?

तू पडला मापारी माणूस. अकोल्याच्या दुकानात सारे लॅपटॉप उचलून पाह्यले अन् सगळ्यात जड तो घेतला. "माय, पक्का माल आहे!" म्हणे. बाबू, तो काय गहू होय?

पोरगी तुले फोनवर "मस्त चालते, बाबा" सांगते. ते खोटं आहे.

आता तिनं पेन खाली ठेवला. मी म्हटलं, लिही, नाहीतर घरमालकिणीले लिहायले बोलावते.

कॉलेजचा प्रोग्राम उघडला की तो बंदच पडते. सोमवारी तिची परीक्षा त्याच्यावरच आहे. म्हणते, बाबाचं मन नाही मोडत, परीक्षा राहू दे.

दुकानदार शनिवारपर्यंत बदलून देते, म्हणून लॅपटॉप या पत्रासंगंच धाडला. प्रोग्रामचं नाव तिनं या पत्राच्या मागं लिहिलं आहे. तो दुकानातच चालवून पाह्य. हातानं तोलू नको.

तुही माय

ता. क. नव्या लॅपटॉपसंगं जवसाची चटणी धाड. जयवंताले सांग, तिखट कमी घाल. पोरीले डोळे पुसायले निमित्तच पाहिजे आहे.