खुराड्याचा रंग

मी, गेलन रेप्लोगल, वय एकोणपन्नास, धंदा शाळेच्या बसगाड्यांची दुरुस्ती, राहणार यॉडर्स मिल, बेडफर्ड परगणा, पेनसिल्व्हेनिया, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून ठेवत आहे. आमच्या चर्चच्या मंडळीत शपथ वाहत नाहीत, म्हणून मी शपथ घेत नाही. लिहिले आहे ते खरे आहे, एवढेच सांगतो. गाठ पोटात आहे, डोक्यात नाही. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण वाचन संपल्यावर मर्ल ब्रुम्बॉ तो मागणार. यापूर्वी केलेले मृत्युपत्र, ज्यात मर्लचे नाव चांगल्या अर्थाने आले होते, ते मी रद्द करतो.

वाचनाविषयी सूचना. हे मृत्युपत्र वकीलबाईंच्या कचेरीत वाचू नये. माझ्या घराच्या तळघरात, माझ्या कामाच्या टेबलाभोवती बसून वाचावे. शेजारी वेंडेल क्लार यालाही बोलवावे. मर्लला त्याच्या नेहमीच्या खुर्चीवर बसवावे आणि लोईसने त्याला कॉफी द्यावी. साखर दोन चमचे. त्याला काही कमी पडू देऊ नये.

कलम १. घर, त्याखालची जमीन, बागेतली सफरचंदाची झाडे, पिकअप गाडी आणि बँकेत जे काही असेल ते सर्व माझी पत्नी लोईस हिचे. तीच या मृत्युपत्राची अंमलबजावणी करील. तिने माझ्या संसारात एकदाही "तुझी ती खेळण्यातली गाडी" असे म्हटले नाही. लग्नाआधी एकदा म्हणाली होती, पण ते मी धरत नाही.

कलम २. माझी मोठी हत्यारे, म्हणजे वेल्डिंगचे यंत्र, जॅक आणि पाने, शाळेच्या गॅरेजला द्यावीत. शिडी कोणाला देता येत नाही, कारण ती माझा भाऊ डेल याच्याकडे आहे आणि ती आपलीच आहे असे तो आता मानू लागला आहे. डेलला ती शिडी मी या कलमाने देतो, म्हणजे निदान ती माझी होती हे लेखी राहील. बापाच्या पश्चात शेत लिलावात काढायची घाई डेलची होती. "गेलन, तू बस दुरुस्त करतोस, मी विमा विकतो. गाई कोण पिळणार, तुझी ती वाफेची इंजिनं?" असे तो म्हणाला होता. त्याचे खरे होते. शेत गेल्याचा राग मला नाही. ते कोणाकडे गेले, त्याचा आहे.

कलम ३. आता मर्ल.

मर्ल ब्रुम्बॉ आणि मी एका बाकावर शिकलो, तेही गावच्या शाळेत, आणि दोघेही पुढे कुठे शिकलो नाही. आम्हा दोघांना एकच वेड. आमच्या डोंगरातून पूर्वी लॉरेल गॅप रेल्वे नावाची छोटी लाइन जायची. चुनखडी, सफरचंदे आणि खाणीतले लाकडी टेकू वाहायची. आमच्या जन्माच्या कितीतरी आधी ती बंद पडली, रूळ उपटले, आणि मालगाडीच्या लाकडी वाघिणी चाके काढून शेतकऱ्यांना विकल्या. लोकांनी त्यांत चारा भरला, अवजारे ठेवली. माझ्या आजोबांनी एक घेतली आणि तिचे कोंबड्यांचे खुराडे केले. मी त्या वाघिणीत अंडी वेचत वाढलो. आई दाराशी उभी राहून टोपली धरायची आणि हाक मारायची, "मागच्या कोपऱ्यातली राहिली बघ, स्टेशनमास्तर!"

पुढे मी आणि मर्लने माझ्या तळघरात त्या रेल्वेची छोटी प्रतिकृती उभी केली: डोंगर, पूल, चुनखडीची खाण, यार्ड, सगळे. एक गुरुवार सोडून एक, संध्याकाळी माणसे जमतात. प्रत्येक वाघिणीचे एक कार्ड असते, तिच्यात काय भरले आहे आणि ते कोणाकडे पोचवायचे ते त्यावर लिहिलेले असते. वाघीण बिघडली तर तिच्या कार्डात लाल "नादुरुस्त" चिठ्ठी खोचून तिला दुरुस्तीच्या रुळावर ढकलतात. गाड्या पळवत नाही आम्ही, चालवतो. जो याला खेळ म्हणतो त्याला आम्ही परत बोलावत नाही.

एक गोष्ट ठरत नव्हती. लॉरेल गॅपच्या वाघिणींचा रंग. फोटो सगळे काळे-पांढरे. कोणी म्हणे विटकरी, कोणी म्हणे तपकिरी. या एका प्रश्नावरून आमच्या डोंगरी रेल्वे इतिहास मंडळात दोन भाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले होते. सगळ्या परगण्यात तिची एकच वाघीण उरली होती: आमचे खुराडे. आणि लिलावात शेत घेतले ते मर्लने.

मी त्याच्याकडे गेलो. म्हणालो, "मर्ल, खुराड्याची एक फळी कापून दे. आईला हवीये. वृद्धाश्रमात तिच्या खिडकीपाशी ठेवीन."

"अरे, एक काय, चार ने! शनिवारी ये करवत घेऊन."

शनिवारी मी करवत घेऊन गेलो. खुराड्याच्या जागी राख होती आणि राखेत बोल्ट. मर्ल कुंपणाला रेलून उभा होता.

"उंदीर फार झाले होते रे. विमेवाला ओरडत होता. आणि शेवटी काय, कोंबड्यांचं खुराडंच ना ते."

आईने विचारले, "फळी आणलीस का?" मी सांगितले, पुढच्या आठवड्यात. पुढच्या आठवड्यातही तिने विचारले. ती गेली तोवर विचारत होती.

मर्लने खुराडे का जाळले ते पुढच्या वसंतात कळले. मंडळाच्या मासिकात त्याचा लेख आला: "लॉरेल गॅपचा खरा रंग". जाळायच्या आधी त्याने चाकूने रंगाचा पापुद्रा काढला होता, रंगांच्या तक्त्याशी ताडून पाहिला होता, आणि मग वाघीण पेटवून दिली होती, म्हणजे तो पापुद्रा फक्त त्याच्याकडे राहावा. लेख घेऊन तो माझ्या तळघरात आला आणि टेबलावर कोपरे टेकून बसला.

"बोल, कसा झालाय? किंचित केशरी झाक असलेला विटकरी! कोणी म्हटलं होतं का आजवर?"

"तू स्वतः खरवडलास?"

"स्वतः. तीन थर होते. सगळ्यात खालचा घेतला, अगदी लाकडाला चिकटलेला. त्याच्याखाली काहीच नाही, नुसती फळी."

"मग प्रश्नच मिटला," मी म्हणालो.

आता मी हे लिहून ठेवतो. मी लहान असताना एका उन्हाळ्यात माझे वडील अर्ल रेप्लोगल यांनी तारेच्या ब्रशने त्या वाघिणीचा पोपडे आलेला जुना रंग पार खरवडून काढला. फळ्या कोऱ्या केल्या. मग त्यांनी तिला गोठ्याचा लाल रंग लावला, तोही उरलेल्या दोन डब्यांतला, जवसाचे तेल घालून पातळ केलेला. डबा मी धरला होता. आई म्हणाली, "काय हा रंग! भोपळ्यासारखा दिसतोय." बाप म्हणाला, "कोंबड्यांना कुठे कळतंय?" पुढे त्यांनी त्याच रंगाचे आणखी दोन हात दिले.

मर्लच्या पापुद्र्यातले तिन्ही थर माझ्या बापाचे होते. लाकडाला चिकटलेला म्हणजे मूळचा, हा नियम आम्ही सगळेच मानतो. ज्याच्या घरात वाघिणीचे खुराडे झाले, त्यालाच माहीत असते की शेतकरी कधीकधी नीट काम करतो.

मी मर्लला हे सांगितले नाही. त्याने विचारले नाही. ओहायोतल्या एका कारखान्याने त्याचा लेख वाचून प्लास्टिकच्या वाघिणी त्या रंगात काढल्या, तेव्हाही मी गप्प राहिलो. मंडळाने त्याला पितळी पाटी दिली, तेव्हा मी टाळ्या वाजवल्या. देशभरातल्या तळघरांत माझ्या बापाचे खुराडे धावते आहे, आणि रोज सकाळची प्रार्थना झाल्यावर त्याचा विचार करून मला बरे वाटते. सूड देवावर सोपवावा असे आमचे पाळक सांगतात. देवाला पुष्कळ कामे आहेत. एवढे एक मी त्याच्या अंगावरून काढून घेतले.

कलम ४. माझ्या स्वतःच्या वाघिणी गडद तपकिरी आहेत, लोईस शरद ऋतूत सफरचंदे आटवून जो काळपट मुरंबा करते त्या रंगाच्या. मर्लने एका गुरुवारी सगळ्यांसमोर माझ्या वाघिणीच्या कार्डात "नादुरुस्त" चिठ्ठी खोचली. "काय रे गेलन, चिखलात लोळवलीस काय? इतिहास वाचत जा की जरा!" सगळे हसले. वर्ना डाइव्हली हसली नाही. ती शाळेची बस चालवते आणि आमच्यात तिच्याइतकी चांगली गाडी कोणी जुळवत नाही. तिने चिठ्ठी काढून वाघीण परत गाडीला जोडली. म्हणाली, "मला सफरचंदं पोचवायचीत. रंग पोचवायचा नाहीये." मर्ल तिला म्हणाला, "वर्ना, तू कॉफीचं तेवढं बघ ना." तिने कॉफीचे बघितले नाही.

कलम ५. गेल्या प्रीतिभोजनाला, जेव्हा आमच्यात बंधू एकमेकांचे पाय धुतात, माझ्या पुढ्यात मर्ल आला. गुडघे टेकून बसला, माझा पाय घमेल्यात घेतला. "पाणी फार गरम नाही ना, बंधू गेलन?" मग खाली मान घालूनच हळू आवाजात म्हणाला, "रेल्वेचं काही ठरवलंस का? म्हणजे तुझ्यामागे कोणी तरी जाणकार पाहिजे. लोईसला ते झेपायचं नाही." त्याने पाय पुसला. रिवाजाप्रमाणे उठून आम्ही गळाभेट घेतली. त्याच आठवड्यात मी वकीलबाईंना फोन केला.

कलम ६. तेव्हा रेल्वेचे असे ठरवले आहे. रूळ, डोंगर, इंजिने, वाघिणी आणि कार्डे, सर्व मर्ल ब्रुम्बॉ याला मिळावे, मात्र पुढील अटीवर. येत्या वसंतातल्या मंडळाच्या मेळाव्यात, जेवणानंतर, सगळे बसलेले असताना त्याने उभे राहून हे वाक्य मोठ्याने म्हणावे: "मी मोजला तो लॉरेल गॅपचा रंग नव्हता. तो अर्ल रेप्लोगलने कोंबड्यांच्या खुराड्याला दिलेला रंग होता, आणि ते खुराडे मी जाळले." शब्द बदलू नयेत. घसा खाकरून झाल्यावर म्हणावे. असे केल्यास रेल्वे त्याची. पण यार्डाचा ताबा वर्नाकडे राहील, तिची इच्छा असेल तोवर, आणि गुरुवारची कॉफी मर्ल करील. त्याच्या स्वतःच्या वाघिणींच्या कार्डांत "नादुरुस्त" चिठ्ठी राहील, त्या पुन्हा रंगवून होईपर्यंत.

तो मेळाव्यात उठला नाही, तर सर्व काही वर्ना डाइव्हली हिचे.

कलम ७. वरील दोहोंपैकी काहीही झाले तरी मर्लला एक वस्तू विनाअट मिळावी. माझ्या घरी धुण्याच्या खोलीत वरच्या फळीवर वडिलांचा एक रंगाचा डबा आहे. त्यांनी कधी काही फेकले नाही. आतला रंग वाळून दगड झाला आहे, पण झाकणावर दुकानाचे नाव आहे आणि "गोठ्यासाठी, लाल" असे लिहिले आहे. हा त्याच्या लेखाचा मूळ पुरावा आहे. पितळी पाटीशेजारी ठेवता येईल.

कलम ८. आतापर्यंत मर्ल दोन गोष्टी बोलून चुकला असेल. एक, मेलेल्या माणसाच्या आठवणीवर कोण विश्वास ठेवतो. दोन, वाघीण जळाली, आता दाखवायला काय आहे. दुसरी गोष्ट तो जरा आनंदाने बोलला असेल.

वाघिणीला दोन बाजूंना दोन दारे असतात. खुराड्याला एक पुरते. आजोबांनी वाघीण आणली त्याच वर्षी दुसरे दार काढून तिथे फळ्या ठोकल्या, आणि ते दार उलटे करून सुतारी घोड्यांवर, म्हणजे लाकडी तिवयांवर, टाकले. डुक्कर कापायच्या दिवसांत त्याच्यावर मांस कापायचे, सॉसेज भरायचे. बापाचा ब्रश त्याला कधी लागला नाही, कारण तेव्हा ते शेतावरच्या घरात धुण्याच्या खोलीत टेबल म्हणून उभे होते. आजीने वरची बाजू घासून घासून पांढरी केली. खालची बाजू लॉरेल गॅपने रंगवली तशीच आहे. कडीवर रेल्वेचे नाव ओतलेले आहे. आईला फळी हवी होती तेव्हा हे मी तिला का नेऊन दाखवले नाही, असे कोणी विचारील. ते तिचेच टेबल होते, तिने ते रोज वापरले होते. तिला तिची वाघीण हवी होती.

मी लग्नानंतर ते टेबल तळघरात आणले. त्याच्यावर मी माझ्या सगळ्या वाघिणी जुळवल्या, आणि त्याच्याखाली वाकून पाहून रंगवल्या. मर्लने इतकी वर्षे त्याच्यावर कोपरे टेकले, त्याच्यावर ॲपल पाय खाऊन तुकडे सांडले, त्याच्यावर आपला लेख पसरून मला वाचून दाखवला. माझ्या पायांशी तो वाकला, पण टेबलाखाली एकदाही वाकला नाही.

हे दार लोईसकडेच राहावे. वर्नाला हवा तेवढा रंग ताडून पाहू द्यावा. मंडळातून कोणीही पाहायला आले तर दाखवावे, आणि कॉफी द्यावी.

मर्लला क्षमा करावी असे लोईस म्हणते. मी केली आहे. या मृत्युपत्राची अंमलबजावणी पूर्ण झाल्यावर ती लागू होईल.

वाचणाऱ्याने इथे थांबावे, मर्लकडे पाहावे आणि पुढचे सावकाश वाचावे.

मर्ल, कप उचल. कोपरेही काढ.

लोईस, वेंडेल, टेबल उलटे करा. ते लाकडी घोड्यांवर नुसते ठेवलेले आहे, मी बोल्ट आधीच काढून ठेवले आहेत.

वरील मजकूर मी स्वतःच्या हाताने लिहिला, वाचून पाहिला आणि साक्षीदारांसमोर सही केली.

(सही) गेलन रेप्लोगल

आम्हा खाली सही करणाऱ्या दोघांनाही या मृत्युपत्रातून काही मिळत नाही. गेलनने आमच्यादेखत सही केली. तो शुद्धीवर होता आणि सही करताना हसत होता.

(सही) वेंडेल क्लार, शेजारी
(सही) एथेल फूर, मंडळीच्या स्वयंपाकघराच्या प्रमुख

ठिकाण: यॉडर्स मिल, तळघर
तारीख: १७ ऑक्टोबर २०२४, गुरुवार