सहा दिवसांचा केर

प्रिय कमला,

तू गेल्याला तीन वर्षं झाली आणि पहिलं पत्र आज लिहितो आहे, राग धरू नकोस. आठवी शिकलेल्या माणसाचा हात पान्यावर चालतो, पेनावर नाही. पण आज कुणाशी तरी भांडल्याशिवाय राहवत नाही, आणि भांडायला मला तूच बरी.

उद्या तुझी तिथी. सकाळी आठला श्राद्धाला आचार्य येणार, आणि घरात सहा दिवस केर काढलेला नाही.

कारण तुझी लेक. माधवी आल्प्समध्ये डोंगर चढते आहे. पाठीवर ओझं घेऊन सकाळी एका झोपडीतून निघायचं आणि संध्याकाळी पुढच्या झोपडीत पोचायचं, असे आठ दिवस. इथे चेन्नईत, सिरुसेरीच्या कंपनीत गार खोलीत बसून पगार मिळतो, तो यासाठी?

माणूस प्रवासाला निघाला की तो पोचेपर्यंत घर झाडायचं नाही, हे तूच शिकवलंस. पण ही तर रोज निघते! तिचा पोचल्याचा निरोप येतो तेव्हा इथे दिवे लागलेले असतात, आणि दिवेलागणीनंतर केरसुणी हातात घ्यायची नाही, हेही तुझंच. सकाळी अकराला सेल्वी कामाला येते, तोवर ही बया पुढच्या वाटेला लागलेली. मग झाडायचं कधी, तू सांग.

सेल्वी आज कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "अय्या, उद्या अम्माचं पान या मातीत वाढणार का?"

"माधवी पोचल्याशिवाय केरसुणीला हात लावू नकोस."

"अम्मा असती तर आधी तुम्हालाच झाडलं असतं," म्हणाली आणि भांडी घासायला गेली. खोटं नाही बोलली.

आजचा टप्पा सगळ्यात वाईट. उभा कडा, त्याला लोखंडी शिड्या ठोकलेल्या. वर खिंड, पलीकडे सुट्या दगडांची उतरण. दुपारी आभाळ गडगडायच्या आत खिंड ओलांडावी लागते म्हणे. सकाळी तिचा फोन आला तेव्हा मी एवढंच विचारलं, "शिडीचे बोल्ट कोण तपासतं?"

"तिथली माणसं तपासतात, अप्पा."

"कोण माणसं? कधी?"

"आता मी शिडीलाच विचारते."

हसली ती. गिंडीच्या कारखान्यात मी चाळीस वर्षं बोल्ट आवळले. सुट्टीच्या आदल्या दिवशी, शेवटच्या तासाला माणूस कसा आवळतो, ते मला ठाऊक आहे. मी म्हणालो, परत फीर. तेव्हा तिचा आवाज बदलला. "आईला तुम्ही शोळिंगरच्या डोंगरावर अर्ध्यावरून खाली आणलंत. मला नाही आणायचं."

मी फोन ठेवला. 'जाऊन ये' म्हणालो नाही. या घरातून निघणाऱ्या कुणालाही मी आजवर असं पाठवलं नव्हतं.

शोळिंगरचं तिच्या लक्षात आहे, हे तू मला का सांगितलं नाहीस? दहा वर्षांची होती. पायऱ्या तापलेल्या, माकडं अंगावर येत होती, तुला धाप लागली होती आणि मी खाली चल म्हणून हट्ट धरला. तू म्हणालीस, "मी दमले नाही, तुम्ही घाबरलात." मग उतरलीस कशाला? भांडायचं होतंस. नरसिंहाचं दर्शन राहिलं ते राहिलंच. तू परत कधी विषय काढला नाहीस, आणि मी समजलो की तू विसरलीस.

रोज साडेसातला निरोप येतो. आता सव्वाआठ झाले. आजच्या झोपडीबाहेरच्या एका दगडावर उभं राहिलं तरच फोन लागतो, असं ती म्हणाली होती. त्या दगडावर दुसरं कुणी उभं असेल. रांग असेल.

एक वचन देतो. ती पोचली की उद्या पहाटे सेल्वीची वाट न बघता मी स्वतः घर झाडीन, फरशी धुईन, गुडघे काय म्हणायचं ते म्हणोत. आणि ती परत आली की तिला घेऊन शोळिंगरला जाईन. हल्ली तिथे दोरावरचा पाळणा झाला आहे, त्यात बसणार नाही. घाबरलो तरी उतरणार नाही.

तू उंचावर आहेस, तुला तिकडचं दिसत असेल. लाल टोपी घातली आहे तिनं. उतरण संपली का तिची? केरसुणी दाराशी काढून ठेवली आहे. कुणीतरी कळवा, तू नाहीतर ती. पण लवकर.

जन्मभर तुझा,
'अहो'