दह्याला पाणी का सुटतं

शनिवार पेठ, पुणे
१० मे २०२५

प्रिय सुहास,

अनेक आशीर्वाद. नागपूरच्या उन्हात तुम्ही सगळे सुखरूप असाल. इथेही पंखा नुसती गरम हवा ढवळतोय.

परवाच्या माझ्या फोनला तू हसली असशील. शनिवारवाड्यासमोरच्या बाकावर बसून, रिक्षांच्या गोंगाटात वहिनी विचारते काय, तर दह्याला पाणी का सुटतं! पण तू पडलीस डेअरीतली, मन लावून सगळं सांगितलंस. उन्हाळ्यात दही लवकर आंबतं, जास्त आंबलं की आकसतं आणि पोटातलं पाणी बाहेर टाकतं. भांडं हलवलं, चमचा खुपसला, तरी तेच. ती नुसती निवळी, ढवळून खाल्लं तरी चालतं. वास बिघडला, बुरशी आली किंवा गुलाबी डाग दिसला, तर मात्र सगळं फेकायचं. शेवटी म्हणालीस, "जन्मभर दही लावतेस आणि मला काय विचारतेस गं?"

खरंच आहे. मला ते विचारायचंच नव्हतं. ह्यांना कमी ऐकू येतं, म्हणून घरातला प्रत्येक फोन स्पीकरवर असतो, आणि आमच्या दोन खोल्यांत आडोसा कुठला? म्हणून बाहेर आले. तुझं "काय गं वहिनी" ऐकलं, आणि तोंडातून दहीच निघालं.

तुला माहीतच आहे, ह्यांच्या पोटातल्या गाठीचे उपचार सुरू झाल्यापासून पथ्य किती कडक होतं. आंबा नाही, तळलेलं नाही, दही घरचं आणि त्याच दिवशीचं. जरा पाणी दिसलं की मी ते मोरीत ओतायची.

गेल्या सोमवारी डॉक्टर म्हणाले, "श्यामसुंदरराव, आता पथ्य बंद. मनाला येईल ते खा." ह्यांनी त्यांचा हात धरून गदागदा हलवला. पथ्य सुटलं म्हणजे माणूस बरा झाला, आपल्याकडे याचा दुसरा अर्थ आहे कुठे? हे रिक्षा बघायला खाली गेले. मी मागे थांबले.

"काकू, आता औषधाचा उपयोग नाही," डॉक्टर म्हणाले. "त्यांना आवडेल ते खाऊ द्या."

"दिवाळी?" मी विचारलं.

"तेवढा वेळ नाही."

घरी आल्याआल्या ह्यांनी तुला फोन लावला. तू आनंदाने रडलीस, मी शेजारी गवार मोडत बसले होते. मग आता उन्हात कशाला, दिवाळीत निवांत येते, असं तूच म्हणालीस. मी शेंगा मोडतच राहिले.

तेव्हापासून हे शेजारीपाजारी पेढे वाटतायत. "डॉक्टर हरले माझ्यापुढे," म्हणतात. काल मी दही ओतायला निघाले, तर भांडं हातातून काढून घेतलं. "अगं, पथ्य सुटलंय ना? पाण्याला कसली भितेस?" साखर घालून ढवळलं, दोन चमचे खाल्ले आणि वाटी बाजूला सरकवली. "उद्या जास्त खाईन," म्हणाले.

आज सकाळी मी पुन्हा दही ओतून दिलं. चांगलं होतं, सुहास. पण टाकणं सोडलं तर डॉक्टरांचं म्हणणं मान्य केल्यासारखं होतं. ह्यांना खरं सांगावं तर इतक्या महिन्यांनी आलेलं हसू आपल्या हाताने पुसायचं. न सांगावं, तर ज्याचं मरण त्यालाच ठाऊक नाही. मला काही म्हणजे काही सुचत नाही. तुझ्या दादाशी मी आयुष्यात कधी खोटं बोलले नव्हते, आता दिवसभर तेवढंच करते.

आत्ता हे समोरच बसलेत. "कुणाला लिहितेस?" विचारलं. सुहासला, दह्याबद्दल, म्हटलं. "घरात फोन असताना कुरिअरवाल्याचं भलं का?" म्हणाले. मग जरा वेळाने म्हणाले, "माझंही एक वाक्य घाल." ते असं: दादा ठणठणीत आहे, सावकाश ये.

ते मी त्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. त्याखालचं माझं वाक्य दाखवलेलं नाही.

सुहास, मिळेल त्या गाडीने ये.

तुझी,
श्यामला वहिनी